संत्र्याच्या कागदावरची बाई

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. काही वर्षांपूर्वीचा, जानेवारीतला मंगळवार. आम्ही नेहमीची मंडळी स्टेशनसमोरच्या बारमध्ये दहाची न्याहारी करत बसलो होतो. पावात सॉसेज, बाजूला ऑलिव्ह, टेबलभर शेंगदाण्यांची टरफलं. रम पेटवून केलेली कॉफी अजून यायची होती. माझी बायको कार्मे, तिला जाऊन दोन महिने झाले होते. मला घरी जायची घाई नसायची, आणि ते ओळखून हे लोक न्याहारी लांबवायचे.

वोरोचा फोन वाजला. वोरो ल्यासेर, संत्र्याच्या वखारीचा मालक, माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा माल मी जन्मभर ट्रकनं हँबुर्गपर्यंत नेला. त्यानं फोन कानाला लावला, दोनदा "हो, हो" म्हणाला आणि ठेवून दिला.

"माद्रिदची आत्या गेली," तो म्हणाला. "ते चित्र माझ्या नावानं ठेवून गेलीय."

"कुठलं चित्र?"

"कुठलं म्हणजे? कागदावरच्या बाईचं. बातिस्त, तुझी व्हॅन काढ. उद्या जाऊन घेऊन येऊ."

काम एवढंच होतं, पोरांनो. जायचं आणि एक चित्र घेऊन यायचं.

तुम्हाला आज आपल्या क्लबच्या या कागदी पुतळ्यांवर पहारा करायचाय. चार दिवसांनी, सान होसेच्या सणाला, जाळायचेच आहेत, तरी रात्रभर जागायचं. जागायचंच आहे तर ऐका. वोरोनं मला सांगितलं तसंच सांगतो. त्यात माझं काही घालत नाही.

तो कागद तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. पूर्वी परदेशी जाणारं प्रत्येक संत्रं पतंगाच्या कागदाहून पातळ कागदात गुंडाळायचे. ल्यासेरांच्या कागदावर पांढऱ्या झग्यातली, हातात पुस्तक धरून हसणारी बाई. आपल्या गावात अर्ध्या घरांत तो काचेच्या चौकटीत लावलेला आहे. लोकांना वाटतं, जुनी शोभेची वस्तू. माझ्या घरात तो कधीच नव्हता. कार्मेनं त्याला उंबरा ओलांडू दिला नाही.

"का पण, काका?" मिरेया, तू आत्ता तेच विचारणार होतीस ना? तुझ्या मावशीआजीची, कार्मेचीच गोष्ट आहे. शाळेत तुला अजून शेगडीवाली म्हणतात?

"म्हणतात कधीकधी. सवय झालीय."

तिलाही म्हणायचे. म्हातारी झाली तरी म्हणायचे.

तर हे असं. वोरोचा पणजोबा मेल्चोर मालक. त्याच्या काळात, कांदेलेराच्या सणाच्या रात्री, म्हणजे दोन फेब्रुवारीला, वखारीला आग लागली. आत बायका संत्री गुंडाळत होत्या. बऱ्याचजणी आतच राहिल्या. मेल्चोर मालकानं सांगितलं, तोनेता नावाच्या बाईचा पाय लागून शेगडी उलटली. तोनेता मेली होती, ती काय बोलणार? तोनेता म्हणजे कार्मेची पणजी. तेव्हापासून ते सगळं घर शेगडीवाल्यांचं झालं. छपरातून बाहेर पडलेल्या दोघीतिघी मात्र वेगळंच सांगायच्या. बायका झग्याखाली संत्री लपवून नेतात असा मालकाला संशय होता. म्हणून तो दाराला बाहेरून कुलूप लावायचा. त्या रात्रीही लावलेलं होतं.

त्यांचं म्हणणं लिहून काढलं एकटीनं. फेलिसाबाई मोनफोर्त. वलेन्सियात राहायची, पुस्तकं लिहायची. आपल्या गावात येऊन त्या बायकांच्या चुलीपाशी बसली आणि कुलपासकट सगळं पुस्तकात घातलं. मालकानं तिला कोर्टात खेचलं. पुस्तक जप्त झालं. कुणी तिचं लिखाण छापेना. भाड्याच्या खोलीत खोकून खोकून मेली. तिच्याजवळ एकच मोलाची वस्तू होती, चित्रकार रिपोलनं काढलेलं तिचं चित्र. घरमालकिणीनं ते विकायला काढलं आणि मेल्चोर मालकानं घेतलं. घेऊन काय केलं? कागदावर छापलं. म्हणाला, आता हिला मी जगभरच्या उकिरड्यांवर पाठवतो. लोक संत्रं सोलतील आणि हिचं तोंड चुरगळून फेकतील.

आणि तसंच झालं. पन्नास वर्षं.

कार्मेनं हे मला लग्नानंतर सांगितलं. वोरोलाही ठाऊक होतं. त्यांच्या घरात बापानं मुलाला सांगायचं आणि बाहेर बोलायचं नाही अशी शपथ घालायची, असं चालत आलेलं. कार्मे दवाखान्यात होती तेव्हा वोरो भेटायला आला होता. ती त्याला म्हणाली, "वोरो, एकदा चारचौघांत म्हण. दाराला कुलूप होतं. एवढंच. मला ऐकायचंय."

वोरोनं तिचा हात हातात घेतला. "हंगाम संपू दे, कार्मे. मग बघू."

ती नोव्हेंबरात गेली. हंगाम तर तेव्हा नुकता सुरू झाला होता.

असो.

आम्ही माद्रिदहून चित्र आणलं. वाटेभर वोरोची बडबड. "बातिस्त, हळू चालव. मागं बाईमाणूस बसलंय."

"बाईमाणूस काही बोलत नाही. तूच बोलतोयस मघापासून."

"लिहिणारी होती ना. बोलायची सवय नसेल."

वखारीच्या माडीवर वोरोचं ऑफिस आहे. एका बाजूला काच, तिच्यातून खालचं दालन दिसतं. काचेसमोरच्या भिंतीवर चित्र लावलं. मी चित्रांतला जाणकार नाही, पण ते बघत उभा राहिलो. समुद्राकाठची गच्ची, वर ताणलेलं कापड, कापडाच्या सावलीत बसलेली बाई. सावली काळी नव्हतीच, जांभळी होती. लांबून बघितलं तर बाई आत्ता पुस्तकातून मान वर करून आपल्याकडे बघतेय असं वाटे. जवळ गेलं की बाई नाहीशी. नुसते रंगाचे फटकारे. डोळा म्हणावा तर निळ्या-तपकिरी दोन ठिपक्यांपलीकडे काही नाही. ओठ तर रिपोलनं काढलेच नव्हते. तिथं एक तांबूस फटकारा, बस. कागदावरचं हसू छापखान्यातल्या माणसानं पदरचं घातलेलं.

वोरोची मुलगी नुरिया त्या वर्षी धंद्यात आली होती. हुशार पोरगी. तिनं ठरवलं, कागद पुन्हा छापायचे. पेटीतली वरची रांग कागदात गुंडाळून पाठवायची, जर्मनीतल्या लोकांना जुन्याची हौस. खाली बारीक अक्षरात मजकूरही घातला: 'आमच्या संत्र्यांवर जीव लावणारी थोर लेखिका.'

मी वोरोला म्हणालो, "हे नको छापू."

"अरे, चांगलंच लिहिलंय की. थोर म्हटलंय."

"वोरो, तुला माहितेय मी कशाबद्दल बोलतोय."

"शंभर वर्षं झाली त्याला! मेलेल्यांना काय फरक पडतो?"

मी टोपी उचलली. तेव्हा तो म्हणाला, "तसं नव्हतं म्हणायचं मला." मी म्हणालो, "माहितेय."

कागद छापून आले ते नेमके कांदेलेराच्या दिवशी. दोन फेब्रुवारी, बुधवार. कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. छापखान्याला तेव्हा जमलं. संध्याकाळी बायकांची पाळी सुटली, यंत्रं बंद झाली, नुरिया घरी गेली. वोरो एकटाच वर बसला होता. जेवायला जायच्या आधी कागद एकदा नजरेखालून घालावेत, इतकंच.

इथून पुढं त्यानं सांगितलेलं.

त्यानं गठ्ठ्यातला एक कागद काढला. चित्राशी ताडून बघावा म्हणून उठला. जुळतंय का, रंग बरोबर उतरलाय का. दोन पावलं पुढं गेला. बाई दिसत होती. आणखी पुढं गेला. आता ती मोडायला हवी होती, तिचे फटकारे व्हायला हवे होते.

झाली नाही.

आणखी जवळ.

पापणीचे केस दिसले. एक-एक. कपाळावर घामाची बारीक चकाकी. नाकाच्या बाजूला एक जुना व्रण. हे काही रिपोलनं रंगवलेलं नव्हतं. रंगच नव्हता कुठं. कातडी होती.

आणि त्या तांबूस फटकाऱ्याच्या जागी... ओठ होते.

मिटलेले.

वोरो मागं सरला. एक पाऊल. दुसरं. माणूस मागं सरला की समोरचं लहान व्हायला हवं ना? चेहरा लहान होईना. तो मागं गेला तरी चेहरा तेवढाच जवळ. पाठ दाराला लागली. त्या दाराला कडी नाही की कुलूप नाही, आतून-बाहेरून कुठूनही ढकललं की उघडतं. तुम्ही पाहिलंय. त्यानं पाठीनं ढकललं.

उघडलं नाही.

वळून दोन्ही हातांनी ढकललं. खांदा लावला.

नाही.

मग खालून आवाज आला. कागदाचा. सळसळ... आणि पीळ. सळसळ... पीळ. मग एक हलकी टक, फळ पेटीत ठेवल्याची. तो त्या घरात जन्मलेला माणूस, त्याला तो आवाज ओळखायला शिकवायची गरज नव्हती. त्याची आजी तो हुबेहूब करून दाखवायची. आधी एकच हात होता. मग दुसरा. मग किती ते त्याला मोजता येईना. सगळं दालन सळसळत होतं.

काचेतून त्यानं खाली पाहिलं. अंधार. पट्टा बंद. कुणी नाही.

आणि वास. आधी संत्र्याची साल भाजल्यासारखा, बरा वाटणारा. मग लोकरीचा. मग केसांचा.

त्यानं काचेवर मुठी मारल्या. ओरडला. कुणाचं नाव घेऊन ओरडला ते त्याला आठवत नव्हतं. काच गरम लागत होती.

एकाएकी सळसळ थांबली.

सगळी, एकदम.

जिन्यावर... पाऊल नव्हे. झग्याचा घोळ. पायरी, पायरी, पायरी.

मग काहीच नाही.

दाराच्या पलीकडं कुणी नव्हतं, तो म्हणाला. त्याला ते कळत होतं. जी कोण होती ती दाराच्या अलीकडं होती.

मागून त्याच्या तोंडावर कागद आला. हळूच. घाई नव्हती. कपाळावरून तळव्यानं सपाट केला. गालांवरून. हनुवटीखालून घेतला. मानेमागं गोळा केला. आणि पीळ दिला. एक...

दुसरा.

मी विचारलं, "काही बोलली?"

वोरोनं मान हलवली. नाही.

"मग?"

आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. नळ ठिबकत होता. तो उठला, नळ घट्ट केला, परत बसला.

"तिनं कान लावला," तो म्हणाला.

"काय?"

"माझ्या तोंडाला. कागदावरून. कान लावून... थांबली."

"कशासाठी?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला माहीत होतं. मलाही.

"मग म्हणालास?"

त्यानं टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा केले.

"वोरो. तीन शब्द होते रे."

"बापाला शब्द दिलाय," तो म्हणाला. "रात्रभर थांबली, बातिस्त. रात्रभर. मी ते म्हणालोच नाही."

हे तो बोलला ते त्याच्या आवाजात नव्हे. त्याचा आवाज त्या रात्रीच गेला होता. सकाळी नुरियानं दार ढकललं, नेहमीसारखं सहज उघडलं. बाप खुर्चीत बसलेला. तोंडाला कागद, मानेमागं पीळ, संत्र्यासारखा गुंडाळलेला. श्वासाबरोबर कागद आत-बाहेर होत होता. धुराचा मागमूस नाही. डॉक्टरांनी फुप्फुसाचे फोटो काढले, फुप्फुसं स्वच्छ. पण आगीतून ओढून काढलेल्या माणसाचा असतो तसा घसा. तो कायमचा तसाच राहिला. नुरियानं कागदांचे सगळे गठ्ठे त्याच दिवशी लगद्याला देऊन टाकले. चित्र काढायला मात्र तिचे हात धजेनात.

मला वाटलं, आता तरी म्हणेल. त्यालाही वाटलं. एक दिवस बारमध्ये मला म्हणाला, "सान होसेच्या जेवणाला सांगतो. सगळ्या गावासमोर. कार्मेसाठी."

"तिच्यासाठी आता उशीर झाला," मी म्हणालो. "मिरेयासाठी सांग."

ते जेवण तुमच्यातल्या थोरल्यांना आठवत असेल. गल्लीत मांडलेली लांब टेबलं, मोठ्या कढईतला भात, पोरांचे फटाके. भात संपल्यावर वोरो उठला. ग्लासावर चमचा वाजवला. सगळे गप्प झाले, त्याचा आवाज गेल्यापासून लोक त्याचं नीट ऐकायचे. मी समोरच होतो. मिरेया, तू आईच्या मांडीवर पेंगत होतीस.

"दाराला..." वोरो म्हणाला.

थांबला. पाणी प्यायला. माझ्याकडं पाहिलं नाही. नुरियाकडं पाहिलं, तिनं मान खाली घातली होती. टेबलाच्या टोकाला वखारीचं दार दिसत होतं, तिकडं पाहिलं.

"दाराला..."

फटाका फुटला कुठंतरी.

"...दाराला रंग द्यायचा झालाय आपल्या क्लबच्या! अध्यक्षसाहेब झोपले काय?"

सगळी गल्ली हसली. अध्यक्ष उठून म्हणाले, "ब्रश तू धर, डबा मी धरतो!" आणखी हशा. वोरो हसत खाली बसला. कपाळाचा घाम पुसला. पुसताना एकदम हात थांबवला, तळवा कपाळावर तसाच ठेवून राहिला... जणू कुणाचा दुसराच हात तिथं आहे का ते चाचपतोय.

त्या रात्री तो आपल्या घरी, आपल्या पलंगावर मेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय झालेलं, जड जेवण. दाखल्यात तेच आहे. नुरियानं मला डॉक्टरांच्या आधी बोलावलं होतं, म्हणून मी पाहिलं. तोंडाला कागद होता. नवा नव्हे, गठ्ठे तर केव्हाच गेले होते. जुना, पिवळा पडलेला, कडांना करपलेला. पीळ इतका घट्ट की कात्री घ्यावी लागली. कागदावरची बाई हसत नव्हती. हसू जिथं छापलेलं असतं तिथं कागद कोरा होता.

दोन्ही ओठांच्या जागी, नुसता कोरा.

दफनाला सगळं गाव आलं. वोरो चांगला माणूस होता, हे मी आजही म्हणतो. मला त्याची आठवण येते. न्याहारीला त्याच्या खुर्चीवर आम्ही कोट ठेवतो.

दफनानंतर दोन दिवसांनी नुरियाचा फोन. "काका, वखारीत येता का? आत्ता."

गेलो. ती ऑफिसच्या दारात उभी होती, आत पाऊल न टाकता. टेबलावर एक पुडी होती. संत्र्याएवढी. कागदात गुंडाळलेली, वर पीळ.

"तुम्ही ठेवली?"

"मी कशाला ठेवीन?"

"मग कुणी?... मी रात्री वखारीला कुलूप लावून गेले होते."

मी पुढं होऊन ती उचलली. संत्र्याचं वजन नव्हतं तिला. काहीच वजन नव्हतं. पण गरम होती. नुकत्याच विझलेल्या शेगडीवर हात धरावा तशी. मी पटकन खाली ठेवली. समोर भिंतीवर फेलिसाबाई होती. मी जवळ जाऊन बघितलं. फटकारेच होते. ठिपके. एक तांबूस रेघ. पुन्हा सगळं जसं असावं तसं.

"उघडू का?" नुरियानं विचारलं.

"तुझ्यासाठी ठेवलीय," मी म्हणालो. "मला काय विचारतेस?"

तिनं उघडली नाही. टेबलाच्या खालच्या खणात ठेवली. गेल्या आठवड्यात मी तिच्याकडं गेलो होतो, तिनं खण ओढून पुडी दाखवली. हात लावून बघितला. अजून गरम आहे.

आणि तिनं दगडाची एक पाटी करून घेतलीय. वलेन्सियाहून. आगीत गेलेल्या बायकांची नावं, तोनेताचं सगळ्यात वर, आणि खाली ते वाक्य, दाराला कुलूप होतं. अक्षरं चांगली कोरलीत. वखारीच्या मागच्या बाजूला रिकाम्या पेट्यांमागं भिंतीला टेकवून ठेवलीय.

लावलेली नाही अजून.